मुरारची दगडी अंगीठी आणि कॅल्गरीचा गॅस इन्सर्ट

माझा धाकटा भाऊ २२ वर्षं कॅनडात कॅल्गरीला राहून परत आला आणि त्याने ग्वाल्हेरच्या मुरार भागात एक जुना बंगला घेतला. कंटेनरमधून आलेल्या सामानात त्याच्या तिकडच्या घरातला गॅसचा फायरप्लेस इन्सर्टही होता. इन्सर्ट म्हणजे लोखंडी पेटी. पुढे काच, आत बर्नर आणि खोट्या लाकडांचे ओंडके, आणि ही पेटी जुन्या विटांच्या किंवा दगडी शेकोटीच्या तोंडात सरकवून बसवायची. भाऊ म्हणाला, "दादा, बैठकीतल्या अंगीठीत हे बसवून दे. तुला काय, दोन दिवसांचं काम." मी ३१ वर्षं आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवला आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला माझं कुठलंही काम दोन दिवसांचंच वाटतं. हे सहा आठवडे चाललं. ते कशामुळे लांबलं आणि कसं करायला हवं होतं, ते सांगतो. असे इन्सर्ट आपल्याकडे थोडे, पण वाकड्या दगडात सरळ लोखंड बसवायचा प्रसंग कुणावरही येऊ शकतो.

आधी अंगीठीबद्दल. ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी १८८६ मध्ये इंग्रजांनी शिंदे सरकारला परत दिली आणि त्या बदल्यात झाशी घेतली. त्याआधी इथे गोरी पलटण होती, आणि त्यांच्या धर्तीवर बांधलेल्या बंगल्यांत अशा भिंतीतल्या शेकोट्या आहेत. ग्वाल्हेरच्याच लष्कर भागात, आमच्या दौलतगंजच्या वाड्यात असलं काही नव्हतं, आम्ही पितळी शेगडीत कोळसे घालून हात शेकले. ही अंगीठी इथल्याच फिकट वालुकाश्माची. दर्शनी दगड टाकीने जेमतेम ठोकलेले, एकाचं पोट पुढे, दुसऱ्याचा खांदा मागे, कमान नाही, वर एक जाड आडवा दगड. दिसायला देखणी. इन्सर्ट मात्र काटकोनात, जणू शाळेच्या कंपासपेटीतून काढलेला. दोन्ही समोरासमोर ठेवले तेव्हा आमचे मिस्त्री हसले आणि म्हणाले, "साहब, पत्थर तो अपनी मर्ज़ी का है." मी त्यांना सांगितलं, मर्जी दगडाची चालू दे, पत्र्याला आपण त्याच्या मर्जीने कापू. गॅसच्या बाबतीत मात्र कुणाची मर्जी चालणार नव्हती, आणि सगळ्या कामात मला हाच फरक सांभाळावा लागला.

पहिला प्रश्न मापाचा नाही, इन्सर्ट कुठल्या जातीचा आहे याचा. भावाचा डायरेक्ट व्हेंट होता. त्याच्या डोक्यावर दोन नळ्या जोडायच्या असतात. एका नळीतून जळलेला धूर धुरांड्यातून वर जातो, दुसरीतून बाहेरची हवा खाली येते, आणि पुढची काच सीलबंद. म्हणजे खोलीतली हवा आगीला लागतच नाही. दुसरी जात फक्त धुराची एक नळी वर नेते आणि जळायला लागणारी हवा खोलीतूनच घेते. तिसऱ्या जातीला नळीच नसते, धूर खोलीतच सुटतो. या तिसरीला मी हातसुद्धा लावत नाही. दर हिवाळ्यात आपल्या भागात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेल्या कुटुंबाची बातमी येतेच. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. खिडक्या बंद करून जानेवारीत झोपणारी माणसं आपण, तेव्हा डायरेक्ट व्हेंट मिळत असेल तर तोच घ्या.

मग धुरांडं. इथे मी पहिली चूक केली, कारण मी मापं आधी घेतली आणि धुरांडं नंतर पाहिलं. उलट करा. आरशावर ऊन घेऊन खालून वर टाका, वर आकाश दिसतं का पाहा. आम्हाला दिसलं नाही. पारव्यांचं घरटं, त्याखाली सुकलेली फांदी, आणि एका वळणावर मधमाश्यांचं जुनं रिकामं पोळं. ते काढायला तीन दिवस गेले. पूर्वी धूर अडवायला बसवलेली लोखंडी झडप गंजून अर्धवट बंद अवस्थेत अडकली होती, ती पूर्ण काढून टाकली. झडप ठेवून तिच्या फटीतून नळ्या न्यायचा मोह होतो. तसं करू नका, नळी चेंगरली की धूर अडतो.

धुरांडं साफ झाल्यावर खाली थोडी ओली पानं जाळून वर धूर येतो का, आणि दुसऱ्या खोलीतल्या भिंतीतून कुठे झिरपतो का, ते पाहिलं. शेजारच्या खोलीत दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, उघड्या पडलेल्या एका जागी धूर दिसला. ती जागा चुना-सुरखीने भरली. सिमेंट नको. जुनं बांधकाम चुन्याचं असेल तर सिमेंट फार कडक होतं, दगड थोडा हलला की सांधा टिकतो आणि दगडाचीच कड फुटते. चुन्याला मात्र वेळ द्यावा लागतो, रोज शिंपडून ओला ठेवावा लागतो. मिस्त्रींनी ते मन लावून केलं, मी विसरलो असतो.

आता माप. ओबडधोबड तोंडाचं एक माप नसतं. आडवं माप तळाशी, मध्ये आणि वर घ्या. उभं माप डावीकडे, मध्ये, उजवीकडे. खोली चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी. शिवाय मागच्या भिंतीची रुंदी, कारण बहुतेक शेकोट्या मागे अरुंद होत जातात आणि इन्सर्टही तसाच असतो. आमची मापं इंचात अशी आली: रुंदी ३५.२५, ३३.५, ३४.७५. उंची २७, २६.२५, २६.७५. मागची रुंदी २५. इन्सर्टचं धड पुढे ३१, मागे २२, उंची २२. म्हणजे बसतो, आणि बाजूंनी थोडी मोकळी जागाही राहते. पण हिशोब नेहमी सगळ्यात लहान मापावर करा, सरासरीवर नाही. सरासरी काढून दगड मागे सरकत नाही.

दोन कर्णही मोजा. दोन्ही सारखे नसतील तर तोंड एका बाजूला झुकलं आहे. आमच्या कर्णांत पाऊण इंचाचा फरक होता. मग वरच्या दगडाच्या मध्यापासून ओळंबा सोडला (मिस्त्री त्याला साहुल म्हणतात, आमच्याकडे दोन्ही शब्द चालतात) आणि तळावर खडूने मध्यरेषा मारली. पुढची प्रत्येक गोष्ट या रेषेवरून मोजली. दगडाच्या कडेवरून मोजायला लागलात की इन्सर्ट तोंडाच्या मध्यात आला तरी डोळ्याला तिरका दिसेल.

तोंडाभोवतीचे दगड एका पातळीत आहेत का, हे पाहायला दोन दोऱ्या तिरप्या ताणा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, गुणाकाराच्या चिन्हासारख्या. दोरी जिथे दगडाला टेकते तो फुगलेला, जिथे अंतर पडतं तो बसलेला. आमच्याकडे सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात मागच्या दगडात पावणेदोन इंचांचा फरक निघाला. इन्सर्टबरोबर येणारी दर्शनी चौकट सपाट असते, ती अशा भिंतीवर टेकवली की एका बाजूने बोट जाईल एवढी फट.

यावर तीन उपाय आहेत. एक, तोंडाभोवती दोन इंचांचा पट्टा छिन्नीने घडवून सपाट करायचा. दोन, चौकटीची कड दगडाच्या आकारात कापायची. तीन, तोंडाच्या आत लोखंडी अँगलची चौकट बसवून तिच्यावर दगडाच्या पातळ पट्ट्या लावायच्या आणि मग सपाट चौकट. तिसरा मला पटत नाही, अंगीठीला नकली दात बसवल्यासारखा दिसतो. पहिला सोपा आहे, पण शंभर-सव्वाशे वर्षं उन्हापावसात नाही तर धुरात पिकलेला दगड घडवून कोरा केला की तो पट्टा कायम नव्या ठिगळासारखा दिसतो. आम्ही दुसरा धरला आणि फक्त दोन दगड थोडे ठोकले. ते दोन इतके पुढे होते की त्यांना वळसा घालायला पत्रा चौकटीतून बाहेर काढावा लागला असता.

हे दोन दगड ठोकतानाच एक गोष्ट ठासून सांगायची आहे. मिस्त्री तोंडाला गमछा गुंडाळून ग्राइंडर सुरू करायला निघाले होते. वालुकाश्माचा बारीक भुगा म्हणजे सिलिकाची धूळ. ती फुप्फुसात बसली की निघत नाही, सिलिकोसिस होतो, आणि दगडाच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांचा तो जुना शाप आहे. गमछा ती धूळ अडवत नाही. मी त्यांना एन-९५ मास्क दिला, चष्मा दिला, आणि पाण्याची बाटली झाकणाला भोक पाडून वहिनीच्या हातात दिली. ती थेंब थेंब पाणी सोडत राहिली आणि दगड ओला कापला. खोलीभर चिखल झाला. चालेल. खोलीतली गादी-पडदे आधी बाहेर काढा. शक्य असेल तिथे ग्राइंडरऐवजी छिन्नी-हातोडाच बरा, वेळ जास्त लागतो पण धूळ कमी आणि टाकीचे घाव जुन्या घावांशी जुळतात. वरचा आडवा दगड मात्र अजिबात छेडू नका. त्याच्यावर वरची सगळी भिंत आहे.

वालुकाश्मात गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी ५७३ अंश सेल्सियसला एकदम फुगते. पूर्वी मोठ्या लाकडांची आग पेटायची तेव्हा आतले काही दगड पापुद्रे सुटून ढिले झालेले असतात. हातोडीने हलकेच टकटक करा. पोकळ आवाज आला तर तो दगड सुटलेला. गॅसच्या इन्सर्टमागे तेवढी उष्णता पोचत नाही, पण सुटलेला दगड आधी काढून शेकोटीच्या मसाल्याने, म्हणजे फायरक्लेच्या (आगीत टिकणाऱ्या मातीच्या), भरून घ्या.

तळ सपाट करणं सोपं. पेटीला खाली समतल करण्याचे बोल्ट असतात, पण ते अर्ध्या-पाऊण इंचापुरते. आमच्या तळाला उजवीकडे एक इंच उतार होता. फायरक्लेच्या मसाल्यावर दोन कोटा फरश्या बसवून पातळी काढली आणि उरलेलं बोल्टने. लाकडाची पाचर, प्लायचा तुकडा, काहीही जळणारं खाली घालू नका. चार दिवसांनी स्पिरिट लेव्हल पुन्हा ठेवून बघा, मसाला बसतो.

मग नळ्या. भावाने तिकडूनच दोन लवचिक ॲल्युमिनियमच्या नळ्या आणल्या होत्या, तीन-तीन इंची, अकॉर्डियनच्या भात्यासारख्या ओढल्या की लांब होणाऱ्या. एकीवर लाल रंगाची पट्टी, एकीवर निळी, दोन्ही टोकांना. लाल धुराची, निळी हवेची. ही खूण आधी न करता वर चढलात तर वरच्या टोकाला दोन्ही सारख्या दिसतात, आणि अदलाबदल झाली तर इन्सर्ट स्वतःचाच धूर पिऊन विझतो. नळीच्या टोकाला दोर बांधून वरून ओढली, खालून एकाने वळणावर हाताने सरकवत नेली. ओढताना हिसका दिला की भाता फाटतो. हिसका न देता ओढायला धीर लागतो, म्हणून मी गच्चीवर भाच्याला न पाठवता स्वतः चढलो.

धुरांड्याचा माथाही वाकडा. कॅल्गरीच्या टोपीखालची पत्र्याची तबकडी सपाट माथ्यासाठी बनवलेली. आम्ही एक पटिया, म्हणजे इथल्या छतांना घालतात तसली दगडाची लादी, माथ्याच्या मापात कापून आणली, दोन भोकं पाडली, चुन्यात बसवली, आणि टोपी तिच्यावर बोल्टने आवळली. पाणी बाहेर ओघळेल असा थोडा उतार ठेवला. टोपीला बारीक जाळी लावायची इच्छा झाली होती, पारवे येऊ नयेत म्हणून. लावली नाही, कारण हवेच्या वाटेत बनवणाऱ्याने ठेवलेली छिद्रं सोडून दुसरं काही आलं की गणित बिघडतं.

आता मुख्य कारागिरी, पत्रा दगडाशी जुळवणं. इन्सर्ट जागेवर सरकवला, पातळी पाहिली. त्याच्या दर्शनी चौकटीइतका, बाजूंना चार-चार इंच जास्त, असा जाड पुठ्ठा घेतला (फ्रिजच्या खोक्याचा उत्तम) आणि चौकटीच्या जागी टेकवून टेपने पक्का केला, सरळ, ओळंब्यात. मग कंपास. त्याचे पाय एवढे उघडायचे की पुठ्ठा आणि दगड यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या फटीला पुरतील, आणि ते माप पक्कं आवळून ठेवायचं. लोखंडी टोक दगडावरून फिरवत न्यायचं, पेन्सिल पुठ्ठ्यावर रेघ ओढत जाते. कंपास नेहमी आडवा धरायचा, बाजूंच्या कडांवर जमिनीला समांतर. वळणाबरोबर मनगट फिरवलंत की रेघ खोटी पडते. वरच्या कडेला कंपास उभा, टोक वर. विद्यार्थ्यांना मी हे पुठ्ठा आणि वाकड्या लाकडावर शिकवायचो, तेव्हा वर्गातला एक तरी मुलगा मनगट फिरवायचाच.

पुठ्ठा कापून पुन्हा लावून पाहिला. दोन ठिकाणी अडला, एका ठिकाणी फट. अडणाऱ्या जागा घासल्या, फटीवर पुठ्ठ्याचं ठिगळ चिकटवून पुन्हा रेघ मारली. तीन पुठ्ठे गेले. पुठ्ठा स्वस्त आहे, त्याच्यावर वेळ घालवा. मग लोहिया बाजारातून १६ गेजचा, म्हणजे १.६ मिलीमीटरचा पत्रा आणला आणि साचा त्यावर ठेवून गिरवला. आणि इथे, इतकी वर्षं शिकवल्यावर, मी साचा उलटा ठेवला. पुठ्ठ्याच्या कुठल्या बाजूला 'दर्शनी' लिहायचं ते लिहिलंच नव्हतं. जिगसॉने दोन तास कापून, कानशीने कडा साफ करून, पत्रा नेऊन लावला तेव्हा डावीकडचं पोट उजवीकडे. भाऊ काही बोलला नाही, ही त्याची मोठी मेहेरबानी. पूर्ण पत्रा वाया. तेव्हा पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत 'पुढची बाजू', 'वर', 'डावीकडे' असं आधी लिहा, मग कात्री हातात घ्या.

पत्रा दगडाला अगदी चिकटून कापू नका. सगळीकडे पाच-सहा मिलीमीटर जागा सोडा. लोखंड तापलं की वाढतं. एक मीटर पोलाद १०० अंशांनी तापलं तर साधारण सव्वा मिलीमीटर लांबतं. फार नाही, पण दगडात जखडलेला पत्रा तेवढ्यानेही कुरकुरतो आणि मध्यभागी फुगतो. ती फट १० मिलीमीटरच्या काळ्या सिरॅमिक दोरीने भरायची, बंबाच्या झाकणाला असते तसली. बोथट पाचरीने मागून दाबून बसवली की पुढून एक काळी सावली दिसते, दोरी नाही. साधा सिलिकॉन किंवा पुट्टी नको. पत्र्याला शेवटी ६०० अंशांपर्यंत टिकणारा काळा रंग, तीन पातळ हात.

इन्सर्टला खाली आणि वर हवा खेळायला खाचा असतात, पंख्याची हवा त्यांतून फिरते. आपल्या पत्र्याने त्या झाकल्या तर काम दिसायला छान आणि आतून घातक. आमच्या साच्यात वरची कड पहिल्यांदा खाचेवर अर्धा इंच चढली होती. ती कापली, तिथे दगडाशी फट मोठी राहिली. राहू दे.

आता गॅस. इथे माझ्या हातचं काही काम नव्हतं, आणि तुमच्याही हातचं नसावं. नळी मी टाकली, पण जोडणी आणि तपासणी गॅस एजन्सीच्या मेकॅनिककडून करून घेतली. कॅल्गरीच्या घरांत नैसर्गिक वायू असतो, आपल्या सिलिंडरात एलपीजी. एलपीजीच्या तेवढ्याच घनफळात उष्णता साधारण अडीचपट. नैसर्गिक वायूच्या जेटवर, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडावर, एलपीजी सोडला तर ज्वाळा काचेपर्यंत जातात आणि सगळीकडे काजळी. म्हणून कन्व्हर्जन किट लागतो: बर्नरचा बारीक जेट, पायलटचा (आग पेटवणाऱ्या छोट्या ज्योतीचा) जेट, व्हॉल्व्हवरच्या रेग्युलेटरचा भाग, हवेच्या झडपेची नवी जागा. तो त्याच मॉडेलचा, त्याच कंपनीचा असला पाहिजे. भावाने इन्सर्टवरचा सीरियल नंबर कळवून कॅल्गरीच्या विक्रेत्याकडून मागवला. एका दुकानदाराने जेट "ड्रिल करून देतो" म्हणून सांगितलं होतं. नमस्कार केला आणि निघालो. ज्यांच्या घरी पाइपने नैसर्गिक वायू आला आहे त्यांना हा बदल लागणार नाही, पण दाब त्यांनीही मोजून घ्यावा.

दाब मोजायला मॅनोमीटर लागतो. नसेल तर पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी फळीवर बसवा, पाणी भरा, एक तोंड गॅसच्या चाचणी-टोकाला जोडा. दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजेच दाब. आमच्या मॅन्युअलात आत येणारा एलपीजीचा दाब ११ ते १३ इंच पाणी लिहिला होता. आपला घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलीबार देतो, म्हणजे १२ इंच. नळीत १२ इंच दिसले तेव्हा मला वर्गात असल्यासारखं वाटलं. हॉटेलच्या भट्टीला लावतात तो जास्त दाबाचा रेग्युलेटर मात्र इथे अजिबात चालत नाही.

घरचा १४.२ किलोचा सिलिंडर स्वयंपाकासाठी असतो, त्यामुळे आम्ही १९ किलोचं वेगळं कनेक्शन घेतलं. इन्सर्ट ताशी २५,००० बीटीयूचा, म्हणजे सव्वासात किलोवॅट. पूर्ण ज्वाळेवर तासाला अर्ध्या किलोहून थोडा जास्त गॅस, तर सिलिंडर ३५ तासांच्या आसपास. रोज संध्याकाळी तीन तास म्हटलं तर अकरा-बारा दिवस. हे गणित आधी घरात सांगा, बिल आल्यावर नाही.

सिलिंडर बाहेर, उभा, हवेशीर जागी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत वाहतो आणि तळघरात, गटारात, जोत्याच्या झरोक्यात साचतो. मुरारच्या बंगल्यांची जोती उंच आणि पोकळ, म्हणून सिलिंडर आम्ही झरोक्यांपासून दूर, अंगणात पत्र्याच्या छपराखाली ठेवला. गळतीचा अलार्मही त्याच कारणाने खाली लावायचा, जमिनीपासून फूटभर. भिंतीतून आत आलेली नळी तांब्याची, भिंतीच्या भोकात बाहेरून जाड पाइपचं आवरण. रबरी नळी इन्सर्टच्या आत चालत नाही. सांधे साबणाच्या फेसाने तपासायचे. माझ्या तरुणपणी एका मेकॅनिकला काडी ओढून तपासताना मी स्वतः पाहिलं आहे. तेव्हा त्याच्या भुवयाच गेल्या. गळतीची शंका आली तर सिलिंडर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याचं बटण न छेडता बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

जानेवारीत एक गंमत झाली. पारा चार-पाच अंशांवर, बाहेर दाट धुकं, आणि पहाटे इन्सर्टची ज्वाळा मंद. सिलिंडरवर दव गोठलेलं. एलपीजीत ब्युटेन असतो आणि ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायू होत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत होतो. गॅस वापरताना सिलिंडर स्वतःच आणखी थंड पडतो, म्हणून ब्युटेन मागे राहतो. वहिनीने सिलिंडरभोवती गोधडी गुंडाळली, त्याचा उपयोग नाही, कारण गोधडी बाहेरची उष्णताही आत येऊ देत नाही. गरम पाणी ओतणं किंवा शेगडी जवळ ठेवणं, हे तर कधीच नाही. आम्ही दोन सिलिंडर एकाला एक जोडले, दोघांवर भार विभागला, आणि प्रश्न मिटला.

विजेची गोष्ट थोडक्यात. पंखा १२० व्होल्टचा, आपली वीज २३० ची, त्यामुळे मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. तिकडची वारंवारिता ६०, आपली ५०, म्हणून पंखा थोडा हळू फिरतो. आवाजही कमी. पायलटच्या ज्वाळेवर थर्मोपाइल असतो, तो व्हॉल्व्हला पुरेल एवढी मिलीव्होल्ट वीज स्वतः तयार करतो, म्हणून लाइट गेली तरी आग पेटते. इथल्या हिवाळ्यात हा गुण मला फार आवडला.

ओंडके आकृतीत दाखवल्याबरहुकूम ठेवा. भाच्याने ते 'नैसर्गिक दिसावेत' म्हणून हलवले आणि अर्ध्या तासात काच काळी. पहिल्यांदा पेटवताना खिडक्या उघड्या ठेवा, नव्या रंगाचा आणि तेलाचा वास तीन-चार तास येतो. काचेवर सुरुवातीला बाष्प दिसतं, ते उडतं. ज्वाळा बुडाशी निळी, वर पिवळी अशी हवी. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, डायरेक्ट व्हेंट असला तरीही.

वर सागवानी फळी बसवायची भावाची फार इच्छा होती, आईचा फोटो आणि गणपती ठेवायला. मॅन्युअलात फळी जितकी पुढे येणारी तितकी ती वर हवी, असा तक्ता असतो. आमच्या उंचीत सागवान बसत नव्हतं. मिस्त्रींनी उरलेल्या पटियाची फळी घडवून दिली, कड टाकीने खरबरीत ठेवून. आता त्यावर गणपती आहे आणि संक्रांतीला आणलेल्या गजकचा, म्हणजे तिळाच्या वडीचा, डबाही, कारण वहिनीच्या मते तिथे तो कुरकुरीत राहतो.

टोपीभोवती माकडं फिरायला लागली आहेत. एकाने काल तिच्यावर बसून अर्धा तास शेक घेतला. टोपीच्या छिद्रांना स्पर्श न करणारा, बाजूने उभा राहणारा लोखंडी पिंजरा करायचा आहे. माप घेऊन ठेवलं आहे, आणि या वेळी पुठ्ठ्यावर 'पुढची बाजू' लिहून ठेवलं आहे.